सोलापुरात जुनी पॉकेट बुकं कशी जमवायची: रहस्यकथा, भयकथा आणि रद्दीचा ढीग

जुन्या रहस्यकथा नि भयकथा जमवायच्या असतील तर पुस्तकाच्या दुकानापासून सुरुवात करू नका, रद्दीवाल्यापासून करा. कारण ही पुस्तकं कुणी जपून ठेवलीच नाहीत. ती उशीखाली ठेवून वाचली, एकाकडून दुसऱ्याकडे गेली, पानं सुटली, आणि दिवाळीच्या साफसफाईत वर्तमानपत्रांबरोबर काट्यावर गेली. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही हजाराच्या वर. म्हणजे नुसत्या दोन माणसांची दोन हजारावर पुस्तकं, त्यातली आज किती बघायला मिळतात? ज्या पुस्तकावर अख्ख्या गावाने रात्री जागवल्या त्याची एक धड प्रत मिळू नये हे मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सोलापूर यासाठी चांगलं गाव आहे. कापडाच्या मिल चालू होत्या, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी मिल, तेव्हा शिफ्ट करून आलेली माणसं वाचायची, आणि विकत घेऊन वाचणारे थोडेच, बाकी सगळे गल्लीतल्या लायब्रीतून. पत्र्याचं एवढंसं दुकान, दोन रॅक, दिवसाला काही पैसे भाडं, असा तो कारभार. त्या लायब्र्या बंद पडल्या तरी त्यांची पुस्तकं एकदम नाहीशी झाली नाहीत, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या बंद दुकानात पोत्यात पडून राहिली, आणि आता घरं पाडून अपार्टमेंट होताना ती पोती बाहेर येतायत. आपल्याकडे जी जुनी पॉकेट बुकं, म्हणजे खिशात मावतील अशी छोटी पुस्तकं, मिळतात त्यातली बरीचशी अशा लायब्रीची असतात, पुढे पुस्तक तपासताना हे डोक्यात ठेवा.

आधी काय जमवायचं ते ठरवा

सगळंच जमवतो म्हणून निघालात तर महिन्याभरात घरात पाय ठेवायला जागा राहत नाही आणि घरचे वैतागतात ते वेगळंच. एक दोर पकडा. लेखक पकडा, नाहीतर नायक पकडा, नाहीतर एखादा कव्हर काढणारा चित्रकार पकडा. अर्नाळकर घेतले तर त्यातही नुसता झुंजार, किंवा नुसता काळा पहाड, किंवा धनंजय-छोटू, एवढंच आयुष्यभर पुरेल. सुहास शिरवळकर आज बहुतेकांना कॉलेजच्या कादंबरीमुळे माहीत, पण त्यांचे फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद हे त्याआधीचे नायक, त्यांची जुनी पॉकेट बुकं बघा. नाईकांचा कॅप्टन दीप. भयकथेत नारायण धारप, त्यांचे समर्थ. धारपांच्या नव्या आवृत्त्या दुकानात मिळतात, त्यामुळे वाचायचंच असेल तर नवीन घ्या, डोळ्याला त्रास नाही. जुनी प्रत घ्यायची ती त्या वेळचं कव्हर, त्या वेळची छपाई, मागच्या जाहिराती यासाठी.

पॉकेट बुकांबरोबर दिवाळी अंक पण बघत जा, लोक हे विसरतात. 'नवल' आणि 'धनंजय' यांच्या जुन्या अंकात भयकथा, रहस्यकथा भरपूर असायच्या, आणि काही गोष्टी पुढे पुस्तकात आल्याच नाहीत. दिवाळी अंक जाड, मोठा, रद्दीत मासिकांच्या गठ्ठ्यात जातो, त्यामुळे पॉकेट बुकं शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटतो.

आणि सोलापूरचं असं की इथे एकच भाषा कधी नसते. तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात फिरलात तर तेलुगू डिटेक्टिव्ह पुस्तकं दिसतील, कोम्मुरी सांबशिवराव यांचा डिटेक्टिव्ह युगंधर तिकडे आपल्या झुंजारइतकाच लाडका होता. कन्नडमध्ये एन. नरसिंहय्या आणि त्यांचा पत्तेदार पुरुषोत्तम. उर्दूत इब्ने सफी, १९५२ मध्ये अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू केली त्यांनी, हिंदीत तेच पुस्तक यायचं तेव्हा त्याचा नायक कर्नल फरीदीचा कर्नल विनोद व्हायचा. हिंदीत घेताना एक लक्षात ठेवा, सगळी नावं खऱ्या माणसांची नसतात, कर्नल रंजीत हे टोपणनाव होतं, आणि काही नावं तर प्रकाशकाच्या मालकीची, आत लिहिणारा दर वेळी वेगळा. तुम्हाला तेलुगू, कन्नड वाचता येत नसेल तरी चांगल्या अवस्थेतलं दिसलं तर सोडू नका, शेजारीपाजारी वाचणारं कुणीतरी असतंच, त्यांच्याशी अदलाबदल होते.

कुठे आणि कधी

जोडभावी पेठेतला मंगळवार बाजार आधी बघा. जुनं सामान जिथे पसरलेलं असतं तिथे पुस्तकं वेगळी मांडलेली नसतात, भांडी, जुने रेडिओ, तुटकी खेळणी यांच्यात एखादा गठ्ठा सुतळीने बांधलेला दिसतो, तो सोडून बघायला सांगा. सकाळी लवकर जा, उन्हं चढल्यावर आपलंही लक्ष लागत नाही नि विकणाराही कंटाळलेला असतो.

रद्दीच्या दुकानात मात्र सकाळी जाऊन उपयोग नाही, दुपारनंतर जा. गाडे गल्लोगल्ली फिरून परत येतात, माल उतरतो, मग पेपर वेगळा, वह्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा असं निवडायला घेतात. पॉकेट बुक यातल्या कशातच बसत नाही, म्हणून ते कोपऱ्यात फेकलं जातं, आणि संध्याकाळपर्यंत कोपरा भरला की पोत्यात. तुमची वेळ म्हणजे निवडानिवड चाललेली असते ती. हंगामाचं म्हणाल तर दसरा ते दिवाळी हा सगळ्यात चांगला काळ, घरोघरी माळे साफ होतात. परीक्षा संपल्यावर रद्दी भरपूर येते पण सगळी गाइडं आणि वह्या, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका.

रद्दीवाल्याशी संबंध जोडणं यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. लोक सांगतात की आवड दाखवू नका, भाव वाढेल. मला ते पटत नाही. तो माणूस दिवसभर किलोत विचार करतो, त्याच्या दृष्टीने झुंजारचं पुस्तक आणि गॅसच्या पावत्या सारख्याच, तुम्ही जर किलोच्याच भावाने उचललंत तर पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी बाजूला का ठेवेल? त्यापेक्षा सरळ सांगा, "मालक, असली छोटी पुस्तकं आली की पोत्यात घालू नका, मला ठेवा, नगावर पैसे देतो." मोबाइलमध्ये चारपाच कव्हरं दाखवा, कारण रहस्यकथा म्हणून सांगितलं तर समजेलच असं नाही, पण पिस्तूल, कवटी, ओरडणारी बाई असलेलं कव्हर एकदा बघितलं की तो नेमकं ओळखतो. मग ठेवलेलं सगळं घ्या, त्यातलं अर्धं नको असलं तरी. दोनदा नाही म्हणालात की तो ठेवायचं बंद करतो. जे माल निवडतात त्या मावशींनाही ओळख द्या, खरं म्हणजे पुस्तक पहिल्यांदा त्यांच्याच हातात येतं, आणि चहापाण्याचं त्यांचं वेगळं बघा.

इंग्रजी पाहिजे असेल तर सोलापुरात ते कमी मिळतं, मिळालं तर रेल्वे कॉलनीच्या बाजूने नाहीतर रिटायर झालेल्या प्राध्यापकांच्या घरातून. आपल्याकडे सगळ्यात जास्त जेम्स हॅडली चेस येतो, हा माणूस इंग्लंडचा, आणि अमेरिकेतली गुन्हेगारी नकाशे नि शब्दकोश समोर ठेवून लिहायचा, तरी वाचताना अजिबात जाणवत नाही. बाहेर फिल्मी हिरॉइनसारखी बाई असलेल्या त्याच्या कॉर्गी प्रकाशनाच्या आवृत्त्या कव्हरसाठी जमवण्यासारख्या आहेत. भयकथेत पॅन कंपनीचे संग्रह शोधा, १९५९ ला पहिला निघाला आणि १९८९ पर्यंत ३० भाग आले, सुटे भाग दिसतात. पेंग्विनची हिरवी कव्हरं म्हणजे गुन्हेकथा, हे माहीत असलं की लांबूनच ढिगात ओळखू येतात. आणि जास्तच वेड लागलं तर रविवार पकडून रेल्वेने हैदराबादला जा, अबिड्सच्या फुटपाथवरचा पुस्तक बाजार बघा. पुण्याला अप्पा बळवंत चौक आहेच, पण तिथे विकणाऱ्याला भाव माहीत असतो.

हातात घेतल्यावर काय बघायचं

शेवटची पानं. कव्हर, लेखक, किंमत सगळं नंतर. रहस्यकथेत शेवटचं पान नसेल तर खुनी कोण ते कळत नाही, आणि नेमकं तेच पान पहिलं सुटतं. 'समाप्त' दिसतंय का बघा, त्याच्या आधीची आठदहा पानं सलग आहेत का बघा. मग पहिलं पान. मग मधे, पुस्तक फर्म्यांचं बनलेलं असतं, साधारण सोळा सोळा पानांचा एक गठ्ठा, आणि गळालं तर बऱ्याचदा अख्खा फर्माच गळतो. म्हणून १६ नंतर १७ आहे का, ३२ नंतर ३३ आहे का असं चाळा, दोन मिनिटं लागतात. कधी कधी बाइंडिंगमध्ये एकच फर्मा दोनदा लागलेला असतो आणि दुसरा नसतोच, वरून पुस्तक जाड आणि पूर्ण दिसतं.

लायब्रीच्या प्रतीवर शिक्के असतात, नंबर असतो, कव्हर कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं असतं, आत कुणीतरी पेनने 'बकवास' किंवा 'एक नंबर' लिहिलेलं असतं, आणि एखाद्या दुष्टाने पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असतं. परदेशातले संग्राहक असल्या प्रतीला हात लावत नाहीत, त्यांना कोरी करकरीत पाहिजे. आपल्याकडे तो हिशोब लावू नका. एकतर कोरी प्रत मिळणारच नाही, आणि दुसरं म्हणजे तो शिक्काच या पुस्तकाचा इतिहास सांगतो. कुठल्या पेठेतली लायब्री, भाडं किती, कुठल्या तारखेला पुस्तक बाहेर गेलं आणि परत आलं, हे सगळं त्या मागच्या चिठ्ठीवर असतं. शिक्क्यात 'शोलापूर' असं असेल तर जुनं समजा. गावातल्या या छोट्या लायब्र्यांची दुसरी कुठली नोंद आता हाताला लागत नाही, म्हणून ती चिठ्ठी कधीही सोलून काढू नका, शिक्का खोडायला जाऊ नका. त्याच लेखकाची दोन पुस्तकं समोर असतील आणि एकावर लायब्रीची अख्खी तारीखपट्टी असेल तर मी डोळे झाकून तेच घेईन.

साल बऱ्याचदा छापलेलंच नसतं. मग अंदाज बांधायचा. किंमत आण्यात असेल तर साधारण १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. किंमतीत 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं, १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द गेला. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं हे नक्की, पण नुसतं 'पुणे ३०' किंवा 'मुंबई ४' असेल तर त्यावरून काही ठरत नाही, पुढे बरीच वर्षं लोक तसंच लिहीत होते. मजकुरात 'नाहीं', 'कांहीं', 'त्यानें' असे अनुस्वार भरलेले असतील तर १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं असण्याची शक्यता जास्त. पानाच्या मागून बोट फिरवून बघा, अक्षरं उमटलेली लागली तर खिळे जुळवून छापलेलं, सपाट लागलं तर ऑफसेट. एकट्या खुणेवर विसंबू नका, दोनतीन जुळल्या की मगच पेन्सिलने आत साल लिहा, आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका.

मागच्या जाहिराती नीट वाचा. 'या महिन्याचा संच', 'आमची इतर प्रकाशने' अशी पानं असतात, त्यात पुस्तकांची नावं, लेखक, किंमत. त्या याद्या एका वहीत उतरवून काढल्या की तुमची शोधयादी आपोआप तयार होते, आणि या लेखकांची संपूर्ण सूची कुठे मिळत नसल्यामुळे अशी वही ही स्वतःच मोलाची गोष्ट आहे. काही पुस्तकं नाव बदलून परत छापलेली असतात, त्यामुळे वहीत नावाबरोबर पहिलं वाक्य पण लिहून ठेवा, म्हणजे तेच पुस्तक दोनदा घेतलं जात नाही.

घरी आणल्यावर

लगेच कपाटात ठेवू नका. रद्दीतून आलेल्या पुस्तकात कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, असते, एका पुस्तकातून सगळ्या कपाटात जाते. बाहेर सावलीत मऊ ब्रशने धूळ झटका, पानं उघडून बघा, बारीक भोकं किंवा भुसा दिसला तर घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर गार पुस्तकावर पाणी धरतं. उन्हात वाळवायला तर कधीच ठेवू नका, सोलापूरच्या उन्हात हा कागद पापडासारखा मोडतो. वर्तमानपत्री कागद आहे हा, लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य असतं, उजेड आणि उष्णतेने तो आतून आम्ल होत जातो, पिवळा पडतो, मग तपकिरी, मग घडी घातली की तुटतो. हे थांबवता येत नाही, हळू करता येतं.

पिना गंजलेल्या असतील तर त्या काढा, गंज कागद खातो. मागच्या बाजूने पिनेची टोकं बोथट सुरीने हळूच उभी करायची आणि पुढून ओढून घ्यायची, मग त्याच भोकांतून सुती दोरा घालून सैलसर बांधायचं. सेलोटेप लावायचा नाही. परत सांगतो, सेलोटेप लावायचा नाही, काही वर्षांत टेप गळून पडतो आणि त्याचा गोंद कागदात मुरून कायमचा डाग राहतो. फाटलं असेल तर पातळ, तंतू असलेला हातकागद आणि खळ. खळ म्हणजे सुताला लावतात ती चिकट पेज, हे हातमाग-यंत्रमागवाल्यांच्या गावात सांगायला नको, आपण गव्हाच्या स्टार्चची पातळ शिजवायची, स्टार्च मिळालं नाही तर गाळलेल्या मैद्याची. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकतात, ते मात्र टाळा, तांब्यामुळे कागद लवकर सडतो. आणि बाइंडरकडे द्यायचंच झालं तर कडा कापू नका म्हणून आधी सांगा, एकदा मशीनवर कापलं की शिक्के, नंबर, कधी ओळींची टोकंसुद्धा जातात. लॅमिनेशन तर नाहीच.

ठेवायची जागा म्हणजे आतल्या भिंतीला लागून असलेलं कपाट, पत्र्याखालचा माळा नको, तिथे एप्रिल-मेमध्ये भट्टी होते आणि पुस्तकाच्या कण्याचा गोंद तडकतो. आपली हवा कोरडी, त्यामुळे बुरशीचा त्रास कोकणासारखा नाही, पण सप्टेंबरच्या पावसात भिंतीला ओल येते का ते बघत जा. पुस्तकं उभी ठेवा, दाटीवाटीने कोंबू नका, बाहेर काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका, दोन्ही बाजूंची पुस्तकं मागे ढकलून मधलं पुस्तक धरून काढा. वेखंडाची पुरचुंडी कपड्यात बांधून कोपऱ्यात ठेवली तर चालते, पोथ्यांमध्ये आपल्याकडे ठेवतातच, फक्त ती थेट पानांना लागू देऊ नका.

स्कॅन करावंसं वाटेल, जरूर करा, निदान कव्हर आणि जाहिरातींची पानं तरी. मात्र पुस्तक पालथं करून दाबू नका, अर्धं उघडून वरून मोबाइलने फोटो काढा. अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकू नका, लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, अर्नाळकर १९९६ ला गेले म्हणजे त्यांचं लेखन अजून बरीच वर्षं त्यांच्या वारसांचं आहे. कव्हरचा फोटो आणि वहीतली यादी दाखवायला काही हरकत नाही, उलट त्यातूनच दुसऱ्या गावातले जमवणारे भेटतात, बार्शीचा, लातूरचा, गुलबर्ग्याचा, आणि मग डबल प्रती बदलता येतात. बदलताना पैशात हिशोब करत बसू नका, पुस्तकाला पुस्तक द्या, आणि ज्याच्याकडे एखादी मालिका पूर्ण व्हायला एकच पुस्तक कमी आहे ते तुमच्याकडे डबल असेल तर त्याला आधी द्या.